मेल्यावर वाजायची ती धून

एप्रिल लागला की आमच्या ऑफिसात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येऊन पडतात. यवतमाळच्या एका कॉलेजात परीक्षा विभागाचं काम मी अठरा वर्षं बघते आहे. या दिवसांत माझ्या टेबलाच्या काचेखाली चार याद्या असतात. आजच्या कामांची, उद्याच्या कामांची, कोणाला काय सांगितलं त्याची, आणि कोण काय विसरणार आहे त्याची. शेवटची सगळ्यात उपयोगी पडते.

यंदा एका दुपारी पायल, आमच्याकडे नवीन लागलेली पोरगी, गठ्ठे बांधता बांधता मोबाइलवर काहीतरी लावून बसली होती. अगदी बारीक आवाजात. टिणटिण, टुणटुण, जणू डब्यात कोणीतरी लहान लहान गोट्या टाकत होतं. मी शिक्के मारत होते. हातातला शिक्का खाली ठेवला, उठले, दारामागे गेले आणि मेन स्विचच्या खोक्याचं झाकण उघडलं. बोट खटक्यावर टेकलं, तेव्हा पायल म्हणाली, "काय झालं मॅडम? लाइन तं आहे."

खरंच होती. पंखे फिरत होते, कूलर घरघरत होता. मी झाकण लावलं.

"हे काय लावलं तू?"

"जुन्या गेमची म्युझिक आहे मॅडम. तो कॅसेटवाला गेम राहे न, तुमच्या जमान्यातला. मी बारावीचा अभ्यास यालेच ऐकून केला. याच्यानं डोकं शांत राह्यते."

"राहू दे," मी म्हटलं. "आणि तो तिसरा गठ्ठा पुन्हा मोज. एक पेपर कमी आहे त्याच्यात."

पेपर कमी नव्हता. मला फक्त तिनं माझ्या हाताकडे बघू नये असं वाटत होतं.

पायल जन्मली तेव्हा ते गेमचे डबे भंगारात जाऊन पडले होते. तरी तिच्या वयाची मुलं ही गाणी शोधून शोधून ऐकतात, वाद्यांवर वाजवतात, अभ्यासाला लावतात. मी त्यावर विचार केला आहे, कारण मला कारण सापडल्याशिवाय गोष्ट बाजूला ठेवता येत नाही. त्या डब्यात जागा फार थोडी होती. वरचा एक आवाज पळणारा, मधला एक भर घालणारा, खालचा एक मागून ढकलणारा, आणि ढोलाच्या जागी नुसती फुसफुस. एवढ्यात काम भागवायचं. त्यामुळे ज्यांनी त्या धुना बांधल्या त्यांना एकही सूर फुकट घालवता आला नाही. धून संपली की लगेच पहिल्यापासून सुरू. हजारदा ऐकली तरी माणूस वैतागू नये, अशी ती बेतलेली असते. तिच्यात शब्द नाहीत, गळा नाही, श्वास घ्यायला थांबणं नाही. कोणी रडत नाही, कोणी कोणाला हाक मारत नाही. म्हणून डोकं शांत राहतं. पायलचं म्हणणं बरोबर आहे. फक्त मी ती धून पहिल्यांदा ज्या उन्हाळ्यात ऐकली, त्या उन्हाळ्यात तिच्याखाली माझ्या आईला मार बसत होता.

केळापूर तालुक्यातल्या पांढरकवड्याला आम्ही सरकारी क्वार्टरांच्या एका रांगेत राहायचो. बारा घरं, सगळ्यांची एकच भिंत, पुढे ओटा, मागे न्हाणी. बाबा ऑफिसात होते आणि ऑफिस पाच मिनिटांवर, त्यामुळे दुपारी जेवायला घरी यायचे. मी तेरा वर्षांची, सुधीर नऊ वर्षांचा. त्याला सगळे सुध्या म्हणायचे. वार्षिक परीक्षा झाली होती. ऊन असं, की ओट्यावर पाय ठेवला तर तळवा भाजून निघायचा. दुपारी चिमण्या न्हाणीच्या मोरीत येऊन तोंडं उघडी टाकून बसायच्या. एक दिवस त्यांतली एक मेलेली मिळाली.

बाबांची एक पद्धत होती. ते मारायचे आणि मग वस्तू आणायचे. भिंतीवरचं घड्याळ, मिक्सर, माझी सायकल. घरात काय कधी आलं हे मला आईच्या अंगावरून सांगता यायचं. गेमचा डबा आला तेव्हा आईचं डावं मनगट प्लास्टरमध्ये होतं. बाबांनी स्वतः तो टीव्हीला जोडला, कॅसेटमध्ये फुंकर मारली, सुध्याला मांडीवर घेऊन रिमोट कसा धरायचा ते दाखवलं. "पाह्य, हा असा उडी मारते. आणि हा असा ठोसा हाणते." दोघं हसत होते. आई एका हातानं पोळ्या लाटत होती. हे चित्रसुद्धा खरं आहे, आणि मी ते यादीतून काढलेलं नाही.

गेममध्ये एक बुटका माणूस डावीकडून उजवीकडे चालत राहायचा. खड्डे आले की उडी, कोणी समोर आलं की ठोसा. ठोसा बसला की समोरचा फुटून नाहीसा व्हायचा. रक्त नाही, हाडं नाहीत, ओरडणं नाही. मारामारी चालू आणि मागे ती गोड धून. मला तेव्हाही नवल वाटायचं. आमच्या घरात तर एका झापडीनं ओठ किती सुजतो ते मी रोज बघत होते.

आमच्या घरचा मार असा होता. बाबा यायचे, चपला जोडीनं लावायचे, पट्टा काढून खुंटीला अडकवायचे आणि जेवायला बसायचे. पहिल्या दोन घासांत ठरायचं. भाजीत मीठ, पाण्याचा गिलास, ऑफिसातल्या कोणाचं बोलणं, काहीही पुरायचं. ताट भिंतीवर जायचं. मग खुंटीवरचा पट्टा खाली यायचा. आई ओरडत नसे. तिला रांगेची लाज वाटायची. पण पट्ट्याला लाज नसते. त्याचा आवाज भिंतीतून जायचा, आणि बकलाचा जास्त.

कोणीतरी म्हणालं, "सुध्या, आवाज वाढव."

हे वाक्य आमच्या घरात पहिल्यांदा कोण बोललं, हे मला नक्की सांगता येत नाही. आई बोलली, असं मी इतकी वर्षं धरून चालले आहे. मला भाचीच्या बारशाला किती पाहुणे जेवले तेही आठवतं आणि एवढं एक वाक्य आठवत नाही, हे काही बरं लक्षण नाही.

सुध्यानं आवाज वाढवला. धून एवढी मोठी झाली की काचेच्या कपाटातले कप थरथरायला लागले. शेजारी ऐकत असतील तर त्यांना वाटेल, पोरं गेम खेळून राह्यली. हा आमचा शोध. आम्हाला तो फार हुशारीचा वाटला.

पण त्याच्यात एक खोट होती, आणि ती सुध्यानं दुसऱ्याच दिवशी ओळखली. गेममधला माणूस मेला की धून तुटायची. चार सुरांची एक छोटी धून वाजायची, मग पडदा काळा, आणि दोन श्वास जातील एवढी शांतता. त्या शांततेत पट्टा ऐकू यायचा. म्हणून सुध्या मरेनासा झाला. नऊ वर्षांचा पोरगा टीव्हीपासून वीतभर अंतरावर बसून, पाठ ताठ, डोळे न मिटता, त्या बुटक्याला जिवंत ठेवायचा. मागे आई पडायची, उठायची, परत पडायची. तो मान वळवायचा नाही. वेळ संपत आली की धून दुप्पट वेगानं पळायची आणि त्याची बोटंही. त्याच्या अंगठ्याला फोड आला, फुटला, रिमोटचं बटण चिकट झालं. संध्याकाळी रांगेतली पोरं त्याचा खेळ बघायला यायची. "अबे, हा सुध्या मरतच नाई!" म्हणून ओरडायची. तो हसायचासुद्धा नाही. त्याच महिन्यात मी त्याला मागच्या अंगणात एका सरड्याला दगडानं ठेचताना बघितलं. सरडा केव्हाच मेला होता. तो ठेचतच होता, आणि तोंडानं तीच धून गुणगुणत होता, न चुकता, तिन्ही आवाजांची.

मग एक दिवस लाइन गेली.

उन्हाळ्यात लाइन जाणं आम्हाला नवीन नव्हतं. जिल्ह्याच्या त्या टोकाला राजूरला कोळसा निघायचा आणि आमचे पंखे बंद असायचे, यावर मोठी माणसं रोज बोलायची. पण त्या दिवशी लाइन नेमकी पट्टा वर असताना गेली. टीव्ही गेला, कूलर गेला, पंखा दोन फेरे मारून थांबला. एकदम इतकं शांत झालं, की शेजारच्या गावंडे काकूंच्या खलबत्त्याचा आवाज आला, ठक, ठक, आणि तोही थांबला. बाबांचा हात वरच राहिला. त्यांनी भिंतीकडे बघितलं. मग पट्टा खुंटीला अडकवला, हात धुतले, आणि म्हणाले, "दुसरं ताट वाढ."

मी कोपऱ्यात उभी होते. मला तेव्हा जे कळलं ते मी आजवर शिकलेल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त स्पष्ट होतं. धून आम्हाला लपवत नव्हती. धून बाबांना लपवत होती. आवाज वाढवला की त्यांना हात मोकळा मिळायचा.

माझी पहिली यादी तेव्हाची आहे. भूगोलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी लाइन कधी जाते आणि कधी येते ते लिहायला लागले. आठवड्यात सोमवार-गुरुवारचा नेम सापडला. त्या दिवशी मी सकाळीच आईला सांगायची, "आज लाइन जाईन." आई त्या दिवशी भाजी जरा धीरानं करायची. बाकीच्या दिवसांसाठी मी दुसरा उपाय काढला. ओट्यावर मीटरच्या खाली चिनीमातीचा पांढरा फ्यूज होता. बाबा जेवायला बसले आणि त्यांचा आवाज चढायला लागला, की मी पाणी शिंपायच्या निमित्तानं बाहेर जायची, स्टुलावर चढायची आणि फ्यूज ओढायची. आत शांतता. पट्टा खुंटीवर.

अठरा दिवस चाललं. एकोणिसाव्या दिवशी बाबा हात धुवायला न्हाणीत न जाता ओट्यावर आले. माझ्या हातात फ्यूज होता. त्यांनी तो काढून घेतला, शांतपणे जागेवर बसवला. आत धून पहिल्यापासून सुरू झाली. सुध्यानं ताबडतोब सुरू केली होती. त्या धुनेवर बाबांनी माझ्या डाव्या कानावर मारलं. मी स्टुलासकट पायरीवर पडले. कानातून गरम काहीतरी मानेवर आलं, आणि ती धून एका बाजूनं बंद झाली. आजही मी फोन उजव्याच कानाला लावते.

आईनं मला बघितलं. आत गेली, टीव्हीमागची वायर उपटली, डबा उचलून मागच्या अंगणात आणला, आणि पाट्यावरचा वरवंटा घेऊन, एका धड हातानं, तो फोडला. भर दुपारी, उघड्यावर, बारा घरांना ऐकू जाईल असा. आतल्या हिरव्या सर्किटचे तुकडे उडाले. बाबा दारात उभे राहून बघत होते. सुध्या रडायला लागला. आईला मार बसताना तो कधी रडला नव्हता. तेव्हा रडला, आणि म्हणाला, "आता मी काय करू?"

मला वाटलं होतं की डबा गेला म्हणजे मार गेला. तसं झालं नाही. मार बारीक झाला. पट्ट्याऐवजी चिमटे, केस, बोटं मागे वाकवणं. बिनआवाजाचा मार. पण बाबांना त्यात पहिल्यासारखा जोर कधी आला नाही, हेही खरं. पुढे त्यांची बदली झाली, मग निवृत्ती, मग ते गेले. सहा वर्षांपूर्वी आई गेली.

आई गेल्यावर केळापूरच्या देवीच्या देवळात एका लग्नात गावंडे काकू भेटल्या. खूप म्हाताऱ्या झाल्या होत्या, पण जीभ तशीच. माझा हात धरून म्हणाल्या, "तुझी माय सोनं होती वं. लय सोसलं तिनं."

"तुम्हाले माहीत होतं काकू?"

"आता काय सांगू तुले. तुमच्या घरचं ते टुणटुण मोठं झालं, की मी दार लावून घेत होती. तिकडं मोहोडबाईही लावे. आख्खी रांग दारं लावे. आम्हाले समजे न, सुरू झालं म्हणून."

त्यांनी माझ्या पानात जिलबी वाढली. म्हणजे ती धून आमचा पडदा नव्हतीच. ती भोंगा होती. रोज दुपारी आम्ही स्वतःच्या हातानं भोंगा वाजवायचो आणि अकरा दारं आतून बंद व्हायची. आणि त्या दिवशी लाइन गेली तेव्हा काकूंचा खलबत्ता का थांबला, हेही मला त्या जिलबीबरोबर कळलं.

सुध्या आता बेचाळीसचा आहे. राजूरला एका ठेकेदाराच्या ऑफिसात हिशेब बघतो, तिथल्याच एका क्वार्टरमध्ये राहतो. बायको वैशाली, मुलगी तन्वी, दहा वर्षांची. मागच्या दिवाळीत त्यानं मला कौतुकानं फोटो पाठवला होता. तसाच गेमचा डबा, नवीन निघालेला, जुने सगळे गेम आत भरलेले. "ताई, पाह्य काय मिळालं! तन्वीसाठी घेतला." मी विचारलं होतं, तुला ते ऐकवतं? तर म्हणाला, "मले तं तेच ऐकून झोप येते. त्याच्यात कोणी बोलत नाई न." मी अंगठ्याचं चित्र पाठवलं आणि विषय संपवला. ती माझी चूक. वस्तू कधी आली हे बघून मागचं ओळखणारी मी, त्या फोटोत डबा बघितला आणि वैशाली दिवाळीला यवतमाळला का आली नाही हे विचारलं नाही.

पायलच्या मोबाइलवर ती धून वाजली त्याच्या तिसऱ्या दिवशी, दुपारच्या सुट्टीत, मी वैशालीला कैरीच्या लोणच्याच्या मसाल्याचं विचारायला फोन केला. सुध्यानं उचलला.

"वैशाली कुठं आहे?"

"काम करून राह्यली. बोल न."

मागे धून चालू होती. मी उगाच बोलत राहिले. मोहरीची डाळ, मेथी, हिंग. बोलता बोलता मी ऐकत होते. धून पहिल्यापासून शेवटपर्यंत गेली आणि परत सुरू झाली. परत गेली, परत सुरू झाली. वेग वाढला, पुढचा टप्पा आला, परत पहिली. दहा वर्षांची पोरगी खेळते आहे आणि एकदाही मरत नाही.

"तन्वी खेळते काय रे?"

"हो न. मस्त खेळते." मग त्यानं फोनवर हात ठेवला. पण माझा उजवा कान चांगला आहे. "तन्वी, आवाज वाढव." आणि मला, "ठेवतो ताई, जेवायचं आहे."

अठरा वर्षांत परीक्षेच्या दिवसांत मी पहिल्यांदा रजा टाकली. सकाळी एसटीत बसून यादी काढली. वैशालीला काय विचारायचं, तन्वीला काय विचारायचं नाही, सुध्याशी कसं बोलायचं. जोडमोहा, करंजी, मारेगाव. वाटेत शेतं नांगरून उघडी पडलेली, बांधांवरची पळसं फुलून गेलेली, पानांवर धूळ. पुढे धूळ काळी होत गेली. गाडीला उशीर झाला आणि मी पोचले तेव्हा दीड वाजला होता. जेवणाची वेळ.

क्वार्टरांची रांग. सगळी दारं बंद. उन्हानंही दारं बंद असतात, मी स्वतःला सांगितलं. धून मला रस्त्यावरच ऐकू आली.

मी बेल वाजवली नाही. यादीतलं काहीच केलं नाही. ओट्यावरच्या खोक्याचं झाकण उघडलं आणि खटका खाली पाडला. धून मध्येच कापली गेली. आणि त्या शांततेत एक फटका आला, आधीच निघालेला, थांबवता न आलेला. पट्टा नव्हता, उघडा हात होता. एवढं मला ऐकून कळतं.

"लाइन गेली काय बे?" सुध्या आतून म्हणाला. आवाज बाबांचा.

मी दोन्ही हातांनी दार बडवलं. ओरडले, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं ओरडले. "सुध्या! दार उघड! मी ताई आहे!"

त्यानं दार उघडलं. बनियन घामानं चिकटलेलं. "ताई? तू कशी काय? फोन तं करायचा."

"काल केलता न."

वैशाली आत स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून उभी होती. खालचा ओठ फाटलेला, हनुवटीवर रक्ताची रेघ, पायाशी सांडलेलं वरण. तन्वी काळ्या टीव्हीसमोर पाठ ताठ करून बसली होती. रिमोट दोन्ही हातांत, अंगठा अजून बटण दाबत होता. तिनं माझ्याकडे नाही, बापाकडे बघितलं.

"मी नाही मेली बाबा," ती म्हणाली. "लाइन गेली म्हणून बंद झालं. मी नव्हती मेली."

सुध्यानं हे ऐकलं. त्याचा चेहरा एकदम नऊ वर्षांचा झाला. मला वाटलं आता हा रडेल. पण तो माझ्यावर उलटला. "अशी काय पाहून राह्यली माझ्याकडे? तूच म्हणत होती न, सुध्या, आवाज वाढव? आई नाई म्हणे कधी. तू म्हणे! कोपऱ्यात उभी राहून तू म्हणे, आणि मी वाढवो!"

माझ्याकडे याची नोंद नाही. मी खोटं बोलू शकले असते.

"असंल," मी म्हटलं. "मी म्हटलं असंल. मी तेरा वर्षांची होती सुध्या. तू आज किती वर्षांचा आहे?"

दार उघडंच होतं. समोरच्या क्वार्टरचं दार कुरकुरलं. एक बाई, हात कणकेनं भरलेले, उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. "काय झालं वं वैशाली?"

"काही नाई भाभी," सुध्या म्हणाला. "लाइन गेली."

बाईनं मागे वळून आपल्या पंख्याकडे बघितलं. "आमची तं आहे."

मला माझ्या आईची सगळी उत्तरं आठवत होती. काही नाही, पडले. काही नाही, पोट्टे गेम खेळून राह्यले. वैशालीनं हाताच्या पाठीनं हनुवटी पुसली. ती माझ्याकडे किंवा सुध्याकडे बघत नव्हती, उघड्या दारातून सरळ समोर बघत होती.

"हा मारते मले," ती म्हणाली. मोठ्यानं.

ती बाई चप्पल न घालता, भाजणाऱ्या जमिनीवरून, आमच्या ओट्यावर आली. तिच्या मागे अजून एक दार उघडलं.

पुढचं सगळं कागदांचं काम होतं आणि ते मला येतं. वैशालीची कागदपत्रं, तन्वीचा दाखला, दवाखान्याची चिठ्ठी, तक्रार. तक्रारीखाली साक्षीदार म्हणून सही माझी आहे. ती करताना पेन दोनदा अडलं, शाई होती तरी. सुध्या दोनदा फोन करून रडला, एकदा शिव्या दिल्या. एकदा विचारलं, "ताई, तू माझी का तिची?" मी म्हटलं, "आईची." त्याला उपचार घ्यायला कुठं जायचं तेही मी लिहून पाठवलं आहे. तो गेलेला नाही. तो गेला तर मी सोबत जाईन.

दोघी आता माझ्याकडे आहेत. तन्वीनं राजूरहून निघताना दप्तरात पुस्तकांऐवजी तो डबा भरून आणला, हे मला चार दिवसांनी कळलं. मी तो वरवंट्यानं फोडणार नाही, हे तिला सांगितलं. तिला त्याचा अर्थ कळला नाही.

काल रविवार होता. दुपारी तिनं डबा टीव्हीला जोडला. वैशाली स्वयंपाकघरात कुकर लावत होती. मी उजवा कान टीव्हीकडे करून बसले. धून सुरू झाली. माझे हात मांडीवर होते, त्यांना मी तिथंच ठेवलं. चांगली धून आहे. ज्यानं बांधली त्याला आमच्या रांगेची काय कल्पना. त्यानं आपलं दिलेल्या तेवढ्याशा जागेत एक धड, हसरी गोष्ट बसवली, आणि ती अजून टिकून आहे. तिचा काही दोष नाही.

तन्वी खेळत होती. पाठ ताठ, मान स्थिर. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. बुटका चालतच होता.

"तन्वी," मी म्हटलं, "मर न एकदा."

तिनं मान न वळवता विचारलं, "काहून?"

"मेल्यावर जी वाजते न, ती धून मले ऐकायची आहे. मी कधी नीट ऐकलीच नाही."

तिचा अंगठा थांबला. तिनं स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. खड्डा आला. तिनं उडी मारली नाही.

चार सूर. वरून खाली, पायऱ्या उतरल्यासारखे, शेवटचा थोडा लांब. मग काळा पडदा. आणि ती शांतता. तन्वीनं खांदे वर ओढून घेतले होते. मीही श्वास धरला होता. रस्त्यावर कुल्फीवाल्याची घंटी वाजत होती. वैशालीनं आतून विचारलं, "ताई, मीठ कुठं ठेवलं वं?" कुकरची शिट्टी झाली. बाकी काही झालं नाही.

पडदा उजळला, धून पहिल्यापासून सुरू झाली. तन्वीचे खांदे हळूहळू खाली आले. पहिल्याच खड्ड्याशी तिनं बुटक्याला सरळ आत चालवत नेलं. चार सूर. परत. चार सूर. चौथ्या वेळेस तिच्या तोंडून फुस्सकन हसू आलं. पाठ वाकली, ती सतरंजीवर लोळली, पायानं जमीन बडवत, रिमोट पोटावर धरून ओरडली, "आत्या, पाह्य! मी अजून एकदा मेली!"